पडलेल्या पुढाऱ्याचे काय?



युनियनच्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी कामगार यांपैकी काहीतरी ऐकायला मिळणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. चालकांनी पत्रात 'विषय आपल्या आवडीचा' असे लिहिले होते. त्या सवलतीचा आम्ही जरा जास्तच फायदा घेतला आहे. आजचा विषय आहे ख्रिस्ती पुढाऱ्यांच्या अपयशाचा, आणि त्या अपयशानंतर त्यांना लाभलेल्या कृपेचा व उमेदीचा.

आम्ही कोणाला धर्मोपदेश करायला उभे नाही. तो आमचा अधिकारही नाही. पण कामगारांत तीस वर्षे वावरताना एक प्रश्न आमच्यापुढे पुन्हा पुन्हा आला. सभा संपते, माणसे चहाला थांबतात, आणि कोणीतरी हळूच विचारतो, "भाऊ, नेता बिघडना, आते कसं करानं?" मागण्यांचा मसुदा कसा करावा यावर पुस्तके आहेत, संपाचा निधी कसा जमवावा यावर आहेत, पण पुढारी पडला म्हणजे त्याचे काय करायचे, यावर आमच्या चळवळीत धड काही लिहिलेले नाही. ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात मात्र या प्रश्नावर बरेच आहे. दहिवेल-विसरवाडीच्या वाटेने नवापूरकडे गेलेल्यांनी चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना पाहिला असेल. ही मंडळी आपल्या शेजारची आहेत. शेजाऱ्याच्या घरात एखादे अवजार आपल्यापेक्षा बरे असले तर ते मागून आणायला लाज कसली?

आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण धुळ्याच्या एका छापखान्यात खिळे जुळवता जुळवता झाले. लग्नपत्रिका असो, पंचांग असो की भजनाचे पुस्तक असो, जे जुळवायला येई ते आम्ही वाचत असू. एकदा एक मंडळी शुभवर्तमानातल्या काही भागाची छोटी पुस्तिका छापायला घेऊन आली. पेत्राची गोष्ट आम्ही पहिल्यांदा वाचली ती अशी, स्टिकमध्ये उलटी.

हा पेत्र गालील समुद्रावरचा कोळी, येशूच्या शिष्यांत पुढारी. सगळे सोडून गेले तरी मी सोडणार नाही, असे त्याने सर्वांदेखत सांगितले होते. त्याच रात्री येशूला पकडून नेले. पेत्र मागोमाग गेला आणि प्रमुख याजकाच्या वाड्यात नोकरचाकरांबरोबर शेकत बसला. एका दासीने ओळखले, तर म्हणाला, मी त्यातला नव्हे. असे तीनदा झाले आणि कोंबडा आरवला. ज्यांनी पोलीस चौकीच्या आवारात रात्र काढली आहे त्यांना हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. तलवारीपुढे उभा राहिलेला माणूस एका मोलकरणीच्या प्रश्नापुढे मोडतो.

योहानाने लिहिलेल्या शुभवर्तमानात एक बारकावा आहे. त्या आवारातला विस्तव कोळशांचा होता, असे तो मुद्दाम सांगतो. पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात, पुन्हा उठलेला येशू तिबिर्याच्या किनाऱ्यावर शिष्यांना भेटतो, तेव्हाही तिथे कोळशांचाच विस्तव आहे. रात्रभर जाळी टाकून हाती काही लागलेले नाही, पहाट झाली आहे, निखाऱ्यांवर मासे आहेत, भाकरी आहे. आधी न्याहारी होते. मग पेत्राला प्रश्न विचारला जातो, माझ्यावर प्रेम आहे का? तोही तीनदा. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटते. वाटणारच. झाल्या गोष्टीचा येशू तोंडाने उच्चार करीत नाही. पण विस्तव तोच, आकडा तोच, त्यामुळे ती झाकलीही जात नाही. आणि प्रत्येक उत्तरानंतर एकच हुकूम मिळतो: मेंढरे सांभाळ. जुने पुढारीपण परत केले, अशी घोषणा नाही. मेंढरांना चारा लागतो, त्या कामाला लाग, एवढेच.

'कृपा' हा शब्द आम्ही या ठिकाणी समजलो. आपल्याकडे तो शब्द झिजला आहे. साहेबांची कृपा म्हणजे बदली रद्द, आमदारांची कृपा म्हणजे ठेका. वारकऱ्यांनी त्या शब्दाचे मोल जपले आहे, पण तालुक्याच्या कचेरीत तो स्वस्तच झाला. पेत्राच्या गोष्टीतली कृपा मात्र माणसाला त्याच्या पडल्या जागी नेऊन उभी करते आणि तिथे त्याच्या हातात काम देते.

त्याच रात्री आणखी एक जण पडला होता, यहूदा. त्यालाही पश्चात्ताप झाला, हे आपण विसरतो. घेतलेली तीस नाणी परत करायला तो याजकांकडे गेला, मी निर्दोष माणसाला धरून दिले म्हणाला. याजकांनी उत्तर दिले, त्याचे आम्हाला काय, तुझे तू पाहा. मग त्याने गळफास घेतला. पेत्र रडला, पण सोबत्यांत राहिला. यहूदा संस्थेच्या कचेरीत गेला आणि तिथे त्याला दार बंद आढळले. त्या नाण्यांचे पुढे काय करावे याचा विचार मात्र याजकांनी नियमाला धरून, काळजीपूर्वक केला, असे मत्तय सांगतो. कचेऱ्यांचा स्वभाव दोन हजार वर्षांत फारसा पालटलेला दिसत नाही.

आपल्या मंडळांत, संघटनांत पडलेल्या पुढाऱ्यासाठी दोनच चाली आहेत. एक, झाकून टाका, नाहीतर विरोधकांना आयते कोलीत मिळेल. दोन, चपलांचा हार घाला. खानदेशातल्या एका कारखान्यात आमच्या खजिनदाराने संपनिधीतले एकेचाळीस हजार रुपये मुलीच्या दवाखान्यासाठी वापरले होते. हिशेब उघडा पडला त्या रात्री निम्मी कमिटी पहिल्या चालीची होती आणि निम्मी दुसरीची. आम्ही तिसरी गोष्ट मांडली. गेटसभेत आकडा सांगायचा, त्याच्याच तोंडून. वही दुसऱ्याकडे. दरमहा पगारातून फेड. आणि जे कामगार आजारी पडतात त्यांना विमा दवाखान्यात घेऊन जाण्याचे, त्यांचे अर्ज भरण्याचे काम त्याच्याकडे. ते काम त्याने नऊ वर्षे केले. रांगेत उभे राहणे काय असते ते त्याला इतरांहून जास्त ठाऊक होते. तरी काही जण त्याच्याशी अखेरपर्यंत बोलले नाहीत. त्यांच्या घरी त्या संपात चूल विझली होती. त्यांच्या अबोल्याला आम्ही कधी नाव ठेवले नाही.

हे अशासाठी सांगतो की, कृपेचे नाव घेऊन पीडितालाच गप्प बसवण्याचा प्रकारही जगात चालतो. मद्रासला जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतून जगभर गाजलेले ख्रिस्ती वक्ते रवी झकरायस २०२० साली वारले. २०१७ मध्ये एका स्त्रीने त्यांच्यावर आरोप केला, तेव्हा त्यांच्या संस्थेने तिच्यावर नव्हे, त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्यांच्या मृत्यूनंतर, २०२१ च्या फेब्रुवारीत, संस्थेनेच नेमलेल्या वकिलांचा अहवाल आला आणि अनेक स्त्रियांशी झालेले त्यांचे दुराचरण उघड झाले. संस्थेला जाहीर माफी मागावी लागली. ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारावरून न जाता जी कृपा थेट पुढाऱ्याच्या घरी पोचते ती खोटी, असे आमचे मत आहे.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या गोष्टीकडे येतो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला, जिच्या धर्तीवर गावोगाव अशा माला निघाल्या, ती १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. हेच रानडे पुढे एका ख्रिस्ती स्त्रीच्या संस्थेचे सल्लागार होते, आणि १८९३ साली त्यांनी व डॉक्टर भांडारकरांनी त्या संस्थेशी संबंध तोडला. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

बाईंची हकीकत थोडक्यात सांगतो. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. घरातल्या स्त्रियांना संस्कृत शिकवले म्हणून त्यांनी समाजाचा रोष पत्करला. दुष्काळात आईबाप गेले. कलकत्त्यास पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. लग्न झाले, मुलगी मनोरमा झाली, आणि दोन वर्षांच्या आत नवरा पटकीने गेला. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मग अमेरिकेत दौरे करून बॉस्टनला मंडळ उभे केले आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई.

सदनाचा पाया एका करारावर होता. मुलींना कोणत्याही धर्माची शिकवण द्यायची नाही. प्रत्येकीने आपला धर्म पाळावा. याच भरवशावर सनातनी घरांतल्या मुली तिथे आल्या आणि रानड्यांसारख्यांनी आपले नाव दिले. पण १८९१ च्या सुमारास बाईंच्या स्वतःच्या मनात मोठी उलथापालथ झाली. १९०७ साली लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या म्हणतात की आठ वर्षे आपल्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त मात्र सापडला नव्हता. तो आता सापडला. आतून नवी श्रद्धा उसळत होती आणि बाहेर जुना करार तसाच होता. बाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत, दार उघडे असे. सदनातल्या मुली येऊन बसू लागल्या. बाईंचे म्हणणे, मी कोणाला बोलावत नाही, पण दारही लावणार नाही. पालकांचे म्हणणे, जिच्या हातचे अन्न खातो, जिच्याकडून शिकतो, तिचे उघडे दार हेच बोलावणे.

या वादात 'केसरी'ने बाईंवर तुफान टीका केली. तिच्यात आकस होता, हे कोणीही वाचणारा कबूल करील. बॉस्टनचे मंडळ बाईंच्या पाठीशी राहिले. तरी आयुष्यभर करारावर सह्या घेतलेला माणूस म्हणून आमचे मत विचाराल तर पालकांचे म्हणणे आम्हाला खरे वाटते. करार अक्षराने मोडला नसेल, भरवसा मोडला. मन बदलले त्या दिवशी बाईंनी पालकांना बोलावून, आता माझे असे झाले आहे, मुली ठेवायच्या की न्यायच्या ते तुम्ही ठरवा, असे सांगायला हवे होते. ते झाले नाही. १८९३ च्या ऑगस्टात सल्लागारांनी राजीनामे दिले आणि मुली भराभर काढून नेण्यात आल्या. जिने हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, जिने आर्य महिला समाज काढला, ती बाई पुण्याच्या सुधारक समाजात एकटी पडली.

गंमत पाहा. त्याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये काही थोर मंडळींनी चहा घेतला म्हणून केवढा गहजब झाला! नावे छापून आली, खटला शंकराचार्यांपर्यंत गेला. लोकमान्य टिळक त्यांत, रानडेही त्यांत, आणि १८९२ साली रानड्यांनी प्रायश्चित्तही घेतले. चहाला प्रायश्चित्त होते. पण मोडलेल्या भरवशाला काय? त्याचे विधान कोणत्या पोथीत नव्हते. बाईंना ना कोणी प्रायश्चित्त सांगितले, ना कोणी विस्तवाजवळ बसवून तीनदा प्रश्न विचारला. पुण्याने दार लावले.

पुढे काय झाले ते आम्हाला फार मोलाचे वाटते. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. लहानपणी आपले आईबाप ज्यात गेले तसाच. बाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावला माळावर घेतलेल्या जमिनीवर त्यांनी वस्ती केली. तीच मुक्ती. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली. विहिरी, शेती, विणकाम, गोठा, तेलघाणा, छापखाना, आंधळ्यांची शाळा, सगळे बायकांच्या हाती. आणि या वेळी बाईंनी संस्था कसली आहे ते लपवले नाही. ती उघड ख्रिस्ती होती, येणाऱ्याला ते दिसत होते. १८९३ साली जे राहून गेले ते केडगावात पहिल्या दिवसापासून झाले.

त्या आवारात एक वेगळे घर होते. फसवल्या गेलेल्या, वाईट मार्गाला लावल्या गेलेल्या, ज्यांना विधवांच्या आश्रमातही कोणी घेईना अशा बायकांसाठी. त्याला बाईंनी नाव दिले 'कृपा सदन'. काही वर्षांपूर्वी पुण्याने जिला टाकले तिने हे नाव निवडले, यात आश्चर्य नाही.

पण केडगावलाही आमचा एक प्रश्न आहे, तो गिळून टाकणे बरोबर होणार नाही. दुष्काळातून आलेल्या त्या मुलींपैकी पुष्कळजणी ख्रिस्ती झाल्या. आमच्या तालुक्यातून आदिवासी कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात, मुकादमाची उचल घेऊन अंगठा देतात. त्या अंगठ्याला आम्ही राजीखुशी म्हणत नाही. मग पोटात अन्न नसलेल्या पोरीच्या धर्मांतराला काय म्हणावे? बाई जबरदस्ती करीत नव्हत्या, हे खरे. त्या नसत्या तर यांतल्या कितीतरी रस्त्यावर मेल्या असत्या, हेही खरे. तरी प्रश्न उरतो. संपूर्ण निर्दोष पुढाऱ्याची गोष्ट सांगायची असती तर आम्ही दुसरे नाव निवडले असते. खुद्द पेत्रही पुढे अंत्युखियास पुन्हा घसरला. परजातीयांबरोबर जेवत होता, यरुशलेमचे लोक आले तसा पंगतीतून उठला, आणि पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावले. तरी तो पेत्रच राहिला आणि काम करीत राहिला.

शारदा सदनातली ती पहिली मुलगी गोदूबाई. मार्च १८९३ मध्ये, म्हणजे सदन मोडकळीस येण्याच्या थोडे आधी, तिचा पुनर्विवाह धोंडो केशव कर्व्यांशी झाला. सदनावरचा लोकांचा विश्वास उडाल्यावर विधवांनी शिकायचे कुठे, हा प्रश्न कर्व्यांपुढे घरातच उभा होता. १८९६ साली त्यांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्याच्या माळावर गेला. गोदूबाई, आता आनंदीबाई, त्याच्यासाठी वर्गणी मागत हिंडल्या. म्हणजे रमाबाईंच्या हातून पडलेले बी दुसऱ्याच्या शेतात उगवले. स्वतःच्या संघटनेतून फुटून निघालेली संघटना पुढे चांगले काम करू लागली तर ते पाहून बरे वाटण्याइतके मन आमच्या पुढाऱ्यांत सहसा नसते.

अपयशाची दुसरी एक जात आहे: पापही नाही, भरवशाचा भंगही नाही, नुसते काम अर्धे राहणे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे तसे झाले. अमेरिकन मिशनची नोकरी त्यांनी १९१७ साली सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताचे शिष्य व्हावे, पण परदेशी मिशनच्या पगारावर आणि परदेशी थाटावर नाही, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले एकत्र यावेत, असे त्यांचे स्वप्न होते. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही दहा-अकरा अध्यायांवर थांबले. ते पुरे करायला बसल्या लक्ष्मीबाई, ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा त्या जवळजवळ पाच वर्षे वेगळ्या राहिल्या होत्या. त्यांनी उरलेल्या ओव्यांचा डोंगर उपसला, आणि १९३४ पासून 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध केली. टिळकांचे रागावणे, विसराळूपण, हातात पैसा न टिकणे, काही लपवले नाही. तरी ते पुस्तक वाचून टिळकांवरचे प्रेम वाढते. पुढाऱ्याची उणीदुणी सांगावी कशी, हे ज्याला शिकायचे असेल त्याने ती चित्रे वाचावीत. आम्ही युनियनच्या नव्या पोरांना ती वाचायला देतो. परत येतात तेव्हा पाने सुटलेली असतात, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी नवी प्रत घ्यावी लागते.

रमाबाईंचेही शेवटी बरेच काही अर्धे राहणार असे दिसत होते. मनोरमा शिकून आली होती, मुक्तीचा भार आईनंतर तिने उचलायचा होता. ती १९२१ च्या जुलैत, चाळिशीत, आईच्या आधी गेली. बाई थकल्या होत्या, कान गेले होते. त्या वेळी त्या एका कामावर बसून होत्या. जुन्या मराठी बायबलची भाषा पंडिती. ती केडगावच्या बायकांना कळेना, म्हणून मूळ हिब्रू व ग्रीक शिकून सगळे बायबल साध्या मराठीत आणायचे. वर्षानुवर्षे हे चालले होते. मजकूर लिहायच्या, प्रुफे तपासायच्या, परत पाठवायच्या. ५ एप्रिल १९२२ रोजी बाई वारल्या, तेव्हा त्यांच्या हातचे काम पुरे झाले होते. छपाई उरली होती. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, पाने छापणाऱ्या मुक्तीतल्याच बायका होत्या, दुष्काळातून आलेल्या, कोणी टाकलेल्या. हे काम हाताने केलेला माणूस म्हणून सांगतो: पोथीएवढ्या ग्रंथाचे खिळे जुळवायचे म्हणजे बोटांची टोके काळी पडतात आणि ती साबणाने निघत नाहीत.

 प्रश्न असतील त्यांनी खुशाल विचारावेत. चालकांनी अर्धा तास राखून ठेवला आहे.